एका काडीचा सेट

"पानी प्याला गो डिंक," गंगी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली. "चुलीवर टांगून ठेवला तरी प्याला. आता कोन घेनार ह्याला?"

तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. उन्हाळ्यात धावड्याच्या झाडांवरून खरवडून आणलेले डिंकाचे खडे त्यात होते. म्हणजे उन्हाळ्यात ते खडे होते. आता सगळे एकमेकांना चिकटून बसले होते आणि गंगीने बोटाने उचलून पाहिलं तर मधासारखी तार निघाली. यात नवल काहीच नव्हतं. पावसाळ्याआधी बाजारात न्यायचा राहिला की डिंकाचा लगदा होतो, हे डोळखांबच्या रानातल्या पाड्यांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गंगीची सून हिरी कामावर निघाली होती. दारात छत्री उघडता उघडता तिने सहज वळून डब्याकडे पाहिलं. ती परत आत आली, सासूपुढे उकिडवी बसली आणि डिंकावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"आय गो," ती म्हणाली.

"काय झाला? मुंगला चावला?"

हिरीला तो डबा दिसतच नव्हता. तिला दिसत होत्या शहापूरच्या शेडमधल्या काडेपेटीएवढ्या चकचकीत डब्ब्या, त्यांच्यातले बारीक स्क्रू, आणि त्या स्क्रूंच्या मानेवर तिने स्वतःच्या हाताने लावलेले डिंकाचे टिपके. त्यातली एक डब्बी ज्या वायरलेस सेटच्या पोटात होती तो सेट घेऊन तिचा नवरा, शाम, सुट्टी संपवून पहाटेच कसारा घाटात गेला होता. रस्त्यावर भला मोठा धोंडा आला होता आणि आज दुपारी, जेवणं झाली की, तो सुरुंगाने फोडायचा होता. सुरुंग आणि शाम यांच्यामध्ये तो सेट होता, आणि त्या सेटमध्ये हा लगदा.

ती तशीच धावत सुटली. छत्री दारातच राहिली.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. आज त्याच डोंगरावर मोबाइलचा टॉवर आहे आणि पाड्यावरच्या पोरी गुरांमागे जाताना फोनवर गाणी ऐकतात. तेव्हा मोबाइल आला होता, पण तो शहापुरातल्या पुढाऱ्यांच्या खिशात. घाटात तर त्यांनाही रेंज मिळत नसे. घाटातल्या कामांना, धरणांवर, खाणींत वायरलेसचे सेट चालत. असे सेट बनवणारी एक छोटी शेड शहापूरच्या बाहेर मुरबाड रस्त्याला होती. शेखर नावाच्या मुरबाडच्या माणसाने ती काढली होती. मुंबईच्या कंपनीत बरीच वर्षं घालवून तो परत आला होता, आणि परत आलेल्या माणसाला गाव जसं हसतं तसं त्यालाही हसून झालं होतं.

हिरी तिथे झाडू मारायला लागली. पाड्यावरून कारखान्यात कामाला गेलेली ती पहिली बाई. एका मुलीचं लग्न ठरलं, तिची खुर्ची रिकामी झाली, आणि ऑर्डर अंगावर आलेली असल्यामुळे शेखरने समोर दिसली तिला त्या खुर्चीवर बसवलं. समोर दिसली ती हिरी. पहिले काही दिवस तिने इतके स्क्रू वाकडे केले की शेखर डोक्याला हात लावून बसे. मग हळूहळू हात बसला. शेडच्या दारावरून जाताना पाड्यावरची माणसं मुद्दाम आत डोकावून बघत, आपली हिरी खुर्चीवर बसते म्हणून.

आता त्या डब्बीचं काम काय, ते सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं होतं.

साध्या वायरलेस सेटचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. माणूस बटण दाबून बोलत असेल तोवर समोरच्याने आकाशपाताळ एक केलं तरी त्याला ते ऐकू येत नाही. सुरुंगाच्या कामात हे जिवावरचं असतं. इकडे वात पेटवणारा "पेटवतो, पेटवतो" म्हणून ओरडत असतो आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या वळणावरचा झेंडेवाला "थांब, मधे माणूस आला" म्हणून ओरडतो. म्हणून घाटातल्या ठेकेदाराला बोलता बोलताच ऐकू येईल असा सेट हवा होता. तसे सेट मिळत, पण त्यांना अँटेना दोन, एक बोलण्याची आणि एक ऐकण्याची. कामगार अँटेनाला काडीच म्हणत. दोन काड्यांचा सेट कमरेला लावून कारवीच्या झुडपात शिरलं की एक तरी काडी मोडूनच माणूस बाहेर येई. बोलण्याची मोडली तर सेट मुका, ऐकण्याची मोडली तर बहिरा.

शेखरने दोन काड्यांची एक केली. बोलणंही त्याच काडीतून बाहेर जायचं आणि ऐकणंही तिच्यातूनच आत यायचं. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काडीच्या बुडाशी ही डब्बी. तिच्यात दोन कप्पे. एक फक्त जाणाऱ्याला वाट देणार, दुसरा फक्त येणाऱ्याला. पिठाची आणि रव्याची चाळणी वेगळी असते, तशातला प्रकार. अडचण एवढीच की सेटची स्वतःची लाट असते जवळची आणि दांडगी, आणि समोरून येणारी असते डोंगर ओलांडून दमून आलेली. चाळणी जरा बिघडली की जाणारी लाट येणाऱ्या वाटेत घुसते, आणि समोरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला तरी त्याचा आवाज तिच्यात बुडून जातो.

ही चाळणी म्हणजे डब्बीतले स्क्रू. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ते केसभर इकडेतिकडे फिरवायचे आणि तपासायच्या यंत्राच्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघायचं. रेघेला दोन सुळके येत आणि मधे खोल खाच. शाळेच्या पटांगणातून माहुलीचा डोंगर दिसतो तसं ते हिरीला दिसे. खाच पुरेशी खोल झाली की तिथेच थांबायचं आणि स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्याच्या मानेवर लाल वार्निशचा टिपका लावायचा.

घाटाची ऑर्डर पुरी करायची होती ती शिमग्याच्या तोंडावर. शिमगा म्हटला की पाड्यावरच्या माणसाचं लक्ष कामात राहत नाही, आणि यात त्याचा काही दोष नाही. शेखर मुंबईला गेला होता. शेवटच्या डब्ब्या उरल्या होत्या आणि वार्निशची बाटली संपली. बाटली येईपर्यंत होळी पेटून विझली असती. शेडमधली सगळ्यांत जुनी मुलगी नम्रता, वाशिंदची, ती रडकुंडीला आली. तेव्हा हिरीच्या पिशवीत डिंक होता. गंगीने बाजारात द्यायला दिलेला, काचेसारखा खणखणीत. हिरीने वाटीत थोडा विरघळवला, काडेपेटीच्या काडीने स्क्रूंवर लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो असा कडक बसला की नख लागेना. दोघी किती खूश झाल्या! शेखर आला, त्याला रंग निराळा दिसला. "नवी बाटली का?" त्याने विचारलं. नम्रता "हो" म्हणाली. सेट घाटात गेले, जास्तीचे धरणावर आणि खाणीत गेले, आणि हिरी शिमग्याला गेली.

कोरड्या उन्हाळ्यात डिंकाने काय करायचं ते चोख केलं. डिंक पाणी पितो हे लहानपणापासून माहीत असलेली ही बाई त्या दिवशी ते विसरली कशी, हे तिचं तिलाही कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर ती विसरली नव्हती. पाड्यावरचा डिंक तो पाड्यावरचा आणि शेडमधला तो शेडमधला, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं.

योगायोग म्हणा की नशीब, घाटातल्या त्याच ठेकेदाराकडे शाम कामाला होता. नजर तेज, डोंगर चढायला शेळीसारखा, म्हणून त्याला झेंडेवाला केला. त्याच्या हाती तो सेट आला तेव्हा तो सगळ्यांना दाखवत सुटला, "माज्या बायकोनी बनवलाय." तो आठवडाभर घाटातल्या पत्र्याच्या खोलीत राही आणि सुट्टीला घरी येई. मागच्या सुट्टीला खांद्याला चिंधी बांधून आला होता. "घसरून पडलो," म्हणाला. हिरीने त्याला दारू प्यायला असशील म्हणून फैलावर घेतलं होतं. तो नुसता हसला होता.

धावत सुटलेल्या हिरीने शहापूरची जीप गाठली, पण शेणवे फाट्याअलीकडे मोरीवरून पाणी जात होतं. जीपवाला थांबला आणि बिडी पेटवून बसला. बाकीच्या बायका भाजीचे भाव काढत बसल्या. हिरीला वाटलं खाली उतरावं आणि पाण्यातून चालत जावं. ती मनातल्या मनात गावदेवीला सांगत होती की सुरुंग आज नको, धोंडा राहू दे रस्त्यात, सगळी मुंबई अडकू दे, पण आज नको. असं मागणं देवीने आधी कधी ऐकलं नसेल. पाणी ओसरलं तेव्हा तिच्या हाताच्या मुठी इतक्या घट्ट झाल्या होत्या की बोटं सरळ होईनात.

जीप शेडसमोरच थांबे. दारात नम्रता उभी होती. हिरीने तिला धाप टाकत सगळं सांगितलं.

"कुनाला बोलू नको," ती हिरीचा दंड धरून म्हणाली. "हिरे, ऐक माजा. सरांना कललं तर आपन दोघीपन घरी. मी नवी बाटली म्हनून बोललेली. माजं तर नावच जाईल. आनि तुला काय म्हायत, तिकडं डिंक सुकाच असेल."

माणूस घाबरला की कशावरही विश्वास ठेवतो. हिरीने क्षणभर त्या सुक्या डिंकावर विश्वास ठेवला. आपल्या खुर्चीवर जाऊन बसलीसुद्धा. शिमग्याच्या त्या ऑर्डरमधल्या एकदोन डब्ब्या फळीवर शिल्लक होत्या. तिने एक काढली आणि झाकण उघडलं. टिपके पिवळट, ओलसर झाले होते, आणि एकाचा ओघळ डब्बीच्या भिंतीवरून खाली आला होता. तिने डब्बी यंत्राला जोडली. पडद्यावर रेघ आली. दोन सुळके होते, पण मधली खाच भरून आली होती. डब्बी टेबलावर जराशी आपटली तर तीही राहिली नाही. नुसता पसरट माळ दिसू लागला. कमरेला बांधून डोंगर चढणाऱ्या माणसाच्या सेटला दिवसभर असेच धक्के बसत असणार.

हिरी उठली. नम्रता "नको गो, नको गो" म्हणत मागे आली, पण तिने हिरीला धरलं नाही. तिलाही दिसलं होतं.

शेखरच्या खोलीत हिरी कधी न विचारता गेली नव्हती. आज गेली आणि डब्बी त्याच्या पुढ्यात ठेवली. "सर, ह्याला वार्निश नाय. डिंक हाय. मी लावलाय."

शेखरने डिंकावर बोट टेकवलं, बोट नाकाशी नेलं, आणि तिच्याकडे बघितलं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही, त्याने खुंटीवरची जीपची चावी घेतली, आणि त्यामुळे ती जास्तच घाबरली.

"घाटात आज सुरुंग आहे का?" त्याने विचारलं.

"हाय. जेवनं झाली की."

"चल, बस गाडीत."

खर्डीपर्यंत शेखर नुसती गाडी दामटत राहिला. वायपर एका बाजूचाच चालत होता. मग शेखर स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागला. "वाईट काय आहे माहितीये? सेट चालतोय असंच वाटणार त्यांना. एकजण बोलला, दुसऱ्याने ऐकलं, मग दुसरा बोलला, तोवर सगळं ठीक. दोघं एकदम बोलले की मगच कळणार. आणि दोघं एकदम कधी बोलतात? काहीतरी घडायला लागलं की." त्याने घाम पुसला. पावसात त्याला घाम फुटला होता. "आणि रंग निराळा दिसला तरी मी ते तसेच विकले."

हिरीला सगळं समजलं नाही, पण पुरेसं समजलं. तिच्या डोळ्यांपुढे शाम वळणावर उभा होता, सेट तोंडाशी धरून ओरडत होता, आणि त्याचं ओरडणं तिने केलेल्या डब्बीत बुडत होतं. ओरडून ऐकलं नाही तर तो काय करील हे तिला माहीत होतं. तो स्वतः धावत मधे जाईल. तो तसाच होता. बैल बुजला तरी मधे जायचा.

कसाऱ्यापुढे घाट लागला आणि ट्रकांची रांग सुरू झाली. जिथे पाहावं तिथे धुकं. ड्रायव्हर खाली उतरून पावसात गप्पा मारत होते, म्हणजे रस्ता बंद केलेला होता, म्हणजे वेळ झाली होती. शेखरने जीप कडेला लावली आणि दोघं रांगेच्या कडेने धावत सुटले. हिरीची एक चप्पल तुटली, ती तिने तिथेच टाकली. रांगेच्या टोकाला दोरी बांधली होती. मुकादम "अरे, अरे" करत आडवा आला.

"थांबवा!" शेखर ओरडला. "सुरुंग थांबवा! सेट बिघडलेत!"

तेवढ्यात धुक्यातून एक माणूस पळत आला आणि ट्रकच्या आडोशाला बसला. तो देवराम, मुरबाडकडचा, वात पेटवणारा. हिरीने त्याला ओळखलं; तो एकदा घरी जेवायला आला होता.

"आता कसला थांबवताय," तो धापा टाकत म्हणाला. "वात लावली. बसा खाली. बस गो हिरे, खाली बस!"

"शाम कुठं हाय?" हिरी किंचाळली. "सेटवर सांग त्याला! नाय, सेटवर नको, सेट बहिरा झालाय—"

"म्हायत हाय आमाला," देवराम म्हणाला. त्याच्या कमरेला सेट होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, बंद. काडी तेवढी वर दिसत होती. "पाऊस लागल्यापासून ह्यो बोलताना बहिराच. आमी कुकाऱ्यावर, तोंडानं हाळी घालून काम चालवतोय. साहेब बघायला आला तर कमरेला लावायचा, बस."

"मग शाम?"

देवरामने धुक्याकडे बोट दाखवलं. वळणाकडे नाही, त्याच्या पुष्कळ अलीकडे. "तिकडच्या वळनावरून कुकारा येत नाय ऐकू पावसात. म्हनून तो हितं जवळ थांबतो. मोरीखाली शिरतो वेळ झाली की."

"धोंड्याच्या एवढ्या जवळ?" शेखर म्हणाला.

हिरी उठली. देवरामने तिचा पदर धरून तिला खाली ओढलं आणि धरूनच ठेवलं. ती त्याला बोचकारत होती. तिने शामला हाक मारली, पुन्हा मारली. पण धुकं आणि पाऊस यांच्यापुढे एका बाईचा आवाज तो किती. मग जमीन हलली. आवाज नंतर आला, छातीत बसला आणि डोंगरात घुमत राहिला. मागोमाग दगड पडू लागले, रस्त्यावर, दरीत, ट्रकच्या टपावर. लहान दगड पडायचे थांबले तरी मोठे कुठेतरी गडगडत खाली जातच होते.

सगळं शांत झालं. आता कुकारा यायला हवा होता. सगळं बरं आहे असा कुकारा द्यायचा असं त्यांचं ठरलेलं होतं. देवरामने मान तिरकी करून कान दिला. मुकादमानेही दिला. ट्रकवाल्यांनी इंजिनं चालू केली तर शेखर त्यांच्या अंगावर धावून गेला, "बंद करा, बंद करा!" कुकारा आला नाही. हिरीने आपला पदर तोंडात कोंबला. ती वाट पाहत होती आणि वाट पाहवत नव्हती. देवरामने स्वतः तोंडाशी हात नेऊन कुकारा दिला. डोंगराने तो परत केला. मग पुन्हा काही नाही.

मग आला. लांबचा नव्हता, अगदी जवळचा, जरा खोकल्यासारखा. पाठोपाठ धुक्यातून शामच आला. अंगभर चिखल, केसात खडीचा चुरा, हातात गुंडाळलेला झेंडा. "मोरीच्या तोंडाशीच दगूड बसला," तो देवरामला सांगत आला. "जरा सरकवायला लागला."

मग त्याला हिरी दिसली. तिच्या शेजारी शेखर दिसला. आणि सुरुंगाखालून चालत आलेल्या त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला. हिरीने त्याला घाबरलेला कधी पाहिला नव्हता. तो आता घाबरला होता.

"सर, तुमी कशाला आलात?" तो म्हणाला. मग हिरीकडे वळून, हळूच, "तू सांगितलंस का काय त्यांना?"

तिने नुसती मान डोलावली.

"सर, तो डिंक मी दिला व्हता तिला," शाम भरभर बोलू लागला. "माज्या आयशीचा हाय. मीच बोल्लो लाव म्हनून. तिला काय म्हायत नाय. तिची काय चूक नाय त्यात."

"तुला कसं कळलं डिंक आहे ते?" शेखरने विचारलं.

शाम झेंड्यावरचा चिखल झटकू लागला. तेव्हा देवरामच बोलला. आता त्याला लपवण्यात अर्थ दिसत नव्हता. पावसाच्या पहिल्याच सुरुंगाला एक गुराखी वळणावरून मधे आला होता. शाम सेटवर "थांब, थांब" म्हणून ओरडत होता आणि देवराम सेटवरच "पेटवतो" म्हणत होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही. वात लागली. मग शाम धावत गेला आणि गुराख्याला ओढून खाली घेऊन आला. त्यानंतर त्याने सेट उघडला होता. डब्बीच्या फटीतून जे बाहेर आलं होतं ते त्याने बोटाने चाखून पाहिलं, आणि म्हणाला, कुणाला सांगू नको. तक्रार गेली की सर डब्बी उघडणार, आणि त्या शेडमध्ये धावड्याचा डिंक आणणारं घर एकच.

"हा म्हनाला, सेट ऱ्हाऊ दे, मी जवळून बगून घेईन," देवराम म्हणाला. "माजं काय चाललं नाय त्याच्यापुढं."

शेखरने देवरामच्या कमरेचा सेट मागून घेतला, मग शामचा घेतला, आणि दोन्ही छातीशी धरून उभा राहिला. "धरण, खाण, सगळीकडचे परत आणायचे," तो म्हणाला. "हिरी, उद्या लवकर ये. एकेक डब्बी उघडून धुवायची आहे. नम्रतालाही सांग." आणि तो मुकादमाकडे निघून गेला. बहुतेक तोंड लपवायला.

शामने सुटकेचा निःश्वास टाकला. "नोकरी नाय गेली गो," तो म्हणाला आणि हसला, तसंच, घरी हसला होता तसं.

हिरी त्याच्याजवळ गेली. सबंध दिवसात ती रडली नव्हती. तिने त्याच्या सदऱ्याची गळपट्टी बाजूला सारली आणि खांद्यावरची चिंधी उचलून पाहिली. जखम खोल होती, कडा चिरलेल्या, दगडाच्या धारेने चिरतात तशा. घसरून पडलेल्या माणसाला अशी जखम होत नाही. त्या दिवशी चुलीपुढे बसून तिने त्याला दारूवरून शिव्या घातल्या, तेव्हाही ती जखम तिथेच होती, आणि हिरीने चिंधी उचलून पाहिली नव्हती.